समजतं का यांना?

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्याचं काम होतं. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म बघितला, मग बाबांना नाव विचारलं. बाबांनी तोंड उघडलं, "त... ते... नाय... ते..." असं काहीतरी झालं आणि थांबले. मग मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "समजतं का यांना?"

बाबा तिथेच उभे होते, हातभर अंतरावर. ऐकू त्यांना व्यवस्थित येतं. त्यांनी ते ऐकलं, त्यांना ते कळलं, आणि मान खाली घालून शर्टाचं बटण चाचपत राहिले. मी "हो, समजतं, तुम्ही त्यांच्याशीच बोला" एवढंच म्हटलं, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच फिरत होतं. अडीच वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल, नातेवाईकांनी, शेजाऱ्यांनी, टॅक्सीवाल्याने, आणि प्रत्येक वेळी बाबांच्या देखत. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय, कारण या अडीच वर्षांत मी जे वाचलं, विचारलं आणि घरात डोळ्यांनी बघितलं ते कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल असं खरंच वाटतं.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, ३१ वर्षं. आम्ही काळाचौकीचे. रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा ठणठणीत होते, सकाळी सहाला उठले तर उजव्या हातातून चहाचा कप सुटला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि जे बोलत होते त्यात एकही शब्द ओळखीचा नव्हता. चाळीत लगेच गर्दी, कुणी म्हणालं लकवा मारला, कुणी तेल घेऊन आलं, कुणी म्हणालं गरम पाण्याने शेका. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचे नॉर्मल कधी दिसले होते? आम्ही म्हटलं रात्री दहाला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि आमचे आठ तास तर झोपेतच गेले होते. त्यामुळे तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळते, यातलं एक जरी दिसलं तरी तेल-बिल काही नको, घड्याळ बघा आणि निघा, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

गुठळी डाव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीत होती. उजव्या हाताने कामं करणाऱ्या शंभरातल्या साधारण ९५ जणांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि ही रक्तवाहिनी नेमकी त्याच भागाला रक्त पुरवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदम गेलं. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. हा शब्द त्या दिवसापर्यंत मी ऐकलेला पण नव्हता.

वॉर्डात बाजूच्या बेडवर एक काका होते, त्यांचं बरोब्बर उलटं होतं. ते घडाघडा बोलायचे, चढउतार सगळा अगदी मराठीचा, मध्येच हसायचे, हातवारे करायचे, पण वाक्याला अर्थ नाही, "अहो ते कालचं मी तिकडून पाडलं ना, मग ते कांबटं त्याच्यातच नेलं" असं काहीतरी. आणि समोरचा काय बोलतो ते त्यांना समजतच नव्हतं. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला, मनोविकाराचा डॉक्टर शोधत होते बिचारे. ज्युनिअर डॉक्टर मुलीने समजावलं की हा पण स्ट्रोकच आहे, जागा वेगळी आहे फक्त. पुढच्या भागाला मार बसला की माणूस अडतो, कानाच्या वर-मागच्या भागाला बसला की शब्द वाहतात पण अर्थ निसटतो. पहिल्याला ब्रोकाचं नाव, दुसऱ्याला वेर्निकेचं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निकेने हे १८७४ मध्ये मांडलं तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता. आता संशोधक म्हणतात की प्रकरण दोन ठिकाणांपुरतं नाही, त्यांच्यामधल्या वायरिंगचं आणि आजूबाजूच्या बऱ्याच भागांचं आहे, पण वॉर्डात बघितलेले ते दोन बेड मला जन्मभर पुरतील.

फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकाची गोष्ट मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मोबाईलवर वाचली. १८६१, पॅरिसजवळचं बिसेत्र हॉस्पिटल. लबॉर्न्य नावाचा एक पेशंट, २१ वर्षं तिथेच राहिलेला, त्याला फक्त "तान" एवढंच म्हणता यायचं, काहीही विचारा, "तान, तान", म्हणून सगळे त्याला तानच म्हणायचे. तो गेल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला सापडला, इथपर्यंत सगळे सांगतात. माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. ब्रोकाने त्याला विचारलं होतं, किती वर्षं आहेस इथे? तर तानने हाताची पाची बोटं चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट. एकवीस. बरोबर उत्तर! ज्या माणसाकडे एकच शब्द उरलाय त्याला प्रश्न कळला होता, वर्षांचा हिशोब होता, आणि तो कसा सांगायचा याची युक्ती पण सुचली होती. १६० वर्षांहून जास्त झाली याला. आणि आपण अजून "समजतं का यांना" विचारतोय.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट प्रत्येकाने काय केली तर वही-पेन पुढे केलं. बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा. मी पण केलं. डाव्या हातात पेन धरून बाबांनी "प" काढला, मग पुन्हा "प", मग पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कारण बिघाड जिभेत नाहीये, भाषेतच आहे, मग ती तोंडातून काढा नाहीतर पेनातून, मागची टाकी तीच. हे कळल्यावर वही बाजूला ठेवली आणि चित्रांचा एक पुठ्ठा बनवला, चहा, गोळी, पंखा, संडास, टीव्ही, माझा फोटो, आईचा फोटो, भाचीचा फोटो.

दुसरा घोळ हो-नाहीचा. बाबा "नाय" म्हणतात आणि मनात "हो" असतं. जेवणार? "नाय." ताट नेलं की चिडतात. आईला पहिले काही दिवस वाटायचं हे मुद्दाम त्रास देतात. थेरपिस्टने सांगितलं की हे खूप जणांना होतं, होय आणि नाही हे शब्द मेंदूत अगदी शेजारी-शेजारी असल्यासारखे, हात एकावर टाकायला जावा आणि दुसरा हाती यावा तसं होतं. मग आम्ही शब्द ऐकणं सोडलं आणि अंगठा बघायला लागलो. अंगठा वर म्हणजे हो. अंगठा क्वचितच चुकतो.

आता मासळी बाजारातला किस्सा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. साताठ महिन्यांनी बाबा काठी घेऊन चालायला लागले तेव्हा रविवारी त्यांना लालबाग मार्केटला घेऊन गेले. मावशीकडे बांगडे चांगले होते, दीडशेला वाटा, दोन वाटे घेतले, पाचशेची नोट दिली. गर्दी होती, मावशीने एकीकडे दुसऱ्या बाईशी भाव करत करत माझ्या हातात नोटा कोंबल्या, मी न बघता पर्समध्ये टाकल्या आणि निघाले. बाबांनी माझी ओढणी धरली. "नाय नाय." मी म्हटलं काय झालं, अजून काही घ्यायचंय? "नाय." कोलंबी? "नाय नाय नाय." मग त्यांनी काठी काखेत धरली, डाव्या हाताची दोन बोटं दाखवली, मग माझ्या पर्सवर टकटक केलं आणि एक बोट. दोन. एक. पर्स उघडली तर शंभरच परत आलेले. मावशीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला, "चुकलं गो बाय," आणि लगेच शंभर दिले, वर बाबांना म्हणाली, "कंडक्टर, तुमचा हिशोब अजून पक्का." बाबा हसले. स्ट्रोकनंतर त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं आणि भर बाजारात माझे डोळे भरून आले.

म्हणजे बघा, त्यांना "शंभर" म्हणता येत नव्हतं, "सुट्टे" म्हणता येत नव्हतं, जो शब्द ३१ वर्षं दिवसातून शेकडो वेळा म्हटला. पण पाचशेतून तीनशे गेले की दोनशे हे जागच्या जागी होतं. घरी येऊन शोधलं तर यावर खरोखर अभ्यास झालेत. इंग्लंडमध्ये रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन माणसांवर काम केलं, तिघांनाही जबरदस्त वाचाघात, व्याकरण जवळपास गेलेलं, कुणी कुणाला मारलं असं वाक्य असेल तर मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे लागत नव्हतं. पण गणितात मोठ्यातून लहान वजा करायचं की लहानातून मोठा, हा फरक बरोबर कळत होता, कंसाची गणितं सुद्धा येत होती. म्हणजे कुणाचं काय कुठे याचा विचार वाक्याशिवाय पण होतो.

आमच्या घरातही हे वाक्याचं प्रकरण आहे, म्हणून बँकेत "सगळं समजतं" म्हणायचं मी टाळलं, ते पण पूर्ण खरं नाही. "आईला ताईने बोलावलंय" आणि "ताईला आईने बोलावलंय", यात बाबा गडबडतात. आपण मराठीत सगळा भार त्या "ने" आणि "ला" वर टाकतो, एवढंसं अक्षर, बोलताना धड ऐकू पण येत नाही, आणि कोण करतंय, कुणाला करतंय हे सगळं त्याच्यावर. तेच "आईने चहा केला" म्हटलं की काही अडचण नाही, कारण चहा काही आईला करणार नाही, तिथे शब्दांची ओळख पुरते. त्यामुळे आम्ही आता छोटी वाक्यं बोलतो, नाव घेऊन बोट दाखवून बोलतो, एका वेळी एकच गोष्ट, आणि मग थांबतो. थांबणं सगळ्यात कठीण आहे. आणि आवाज चढवायचा नाही, ते बहिरे नाहीत, लहान बाळ पण नाहीत.

अमेरिकेत एमआयटीत एव्हेलिना फेडोरेंको म्हणून संशोधक आहेत, त्या माणसांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून कधी वाक्यं वाचायला देतात तर कधी गणितं, कोडी. त्यांना दिसतं ते असं की भाषेचा जो भाग वाक्य ऐकताना, वाचताना जागा होतो तो हिशोब करताना साधारण गप्प असतो, तिथे दुसरेच भाग कामाला लागतात. २०२४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये लेख लिहिला, मुद्दा असा की भाषा हे मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार करण्याचं यंत्र नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही, आणि मनातल्या मनात शब्दांत बोलत विचार करणारे आपण सगळे आहोतच. पण मी तो लेख वाचताना मला बाबांची ती दोन बोटं दिसत होती.

थेरपीबद्दल. सरकारी हॉस्पिटलांत स्पीच थेरपी मिळते, वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, हे आम्हाला तीन महिने कुणी सांगितलंच नाही, आणि सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. आमच्या थेरपिस्ट मुलीने पहिल्या दिवशी बाबांना कपाचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? काही नाही. मग ती म्हणाली, "सकाळी उठल्यावर गरम गरम..." आणि थांबली. बाबा म्हणाले, "चहा". लख्ख. आई उठून उभीच राहिली.

हे कसं होतं ते तिनेच सांगितलं. आपला मेंदू ऐकताना नुसता ऐकत नाही, पुढचा शब्द आधीच तयार ठेवतो. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली, काहींचा शेवट अगदीच न जुळणारा, म्हणजे आपल्याकडे "आजीने भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला" याच्या जागी "आजीने भाकरीवर मोजा ठेवला" असं काहीतरी. तो न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांत मेंदूच्या लहरींत एक ठसठशीत खळगा दिसतो. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ! तर ही जी पुढच्या शब्दाची ओढ आहे ती बाबांमध्ये शिल्लक आहे, वाक्याचा उतार मिळाला की शब्द घरंगळत येतो, सपाटीवर मात्र ढकलला तरी हलत नाही. कधी पहिलं अक्षर दिलं तरी चालतं, "चऽ..." आपल्यालाही होतंच ना, एखादं नाव जिभेवर येतं आणि अडतं, "क वरून आहे, तीन अक्षरी आहे" एवढं सांगता येतं पण नाव येत नाही, कारण अर्थ एका खणात आणि आवाज दुसऱ्या खणात. बाबांचं दिवसभर तसंच चालू असतं, प्रत्येक शब्दाला.

गणपतीत अजून एक झालं. काका गावाहून आले होते, संध्याकाळी आरती सुरू झाली आणि बाबा सगळ्यांबरोबर आरती म्हणायला लागले. पूर्ण. शब्द आणि चाल सकट. नंतर काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा" सुरू झालं, आणि प्रत्येक ओळीनंतर बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी एक नातेवाईक आईला म्हणाल्या, आरती येते आणि पाणी मागता येत नाही, नाटक तर नाही ना करत? आई त्या रात्री जेवली नाही. म्हणून हे पण लिहिते. पाठ असलेलं, गायलेलं, मोजणी, वार, देवाचं नाव, शिव्या, हे सगळं वेगळ्या वाटेने येतं. लंडनचे डॉक्टर ह्युलिंग्स जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय की आपोआप येणारं बोलणं वेगळं आणि ठरवून जुळवलेलं बोलणं वेगळं. आपोआप येणाऱ्याला मेंदूच्या उजव्या बाजूची आणि आतल्या भागांची मदत असते असं मानतात. "पाणी दे" हे दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आरती फक्त सोडावी लागते, ती पुढे आपली आपण जाते. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये यावरूनच एक थेरपी निघाली, वाक्याला चाल लावायची आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. आमचं "पाऽणी दे" असंच आलं, पंधरा-वीस दिवस मांडीवर ठेका धरून.

आणि त्या "व्हय" नंतर बाबांची मालवणी आधी सुटायला लागली. घरात आमची शाळेची मराठी, बसमध्ये मुंबईची हिंदी, गुजराती पण थोडी, पण काकांनी "बरो आसस मा?" विचारलं की "व्हय" पटकन येतं आणि ते बरोबर जागी येतं, हो-नाहीचा घोळ मालवणीत कमी! फ्रान्समधल्या रिबो नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की आधी शिकलेली भाषा आधी परत येते, नंतर पित्र नावाचा तिथलाच डॉक्टर म्हणाला की जी जास्त वापरात होती ती आधी येते, आणि बऱ्याच पेशंटांत तर सगळ्या भाषा बरोबरीनेच सुधारतात. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या टीमने ६०८ स्ट्रोक पेशंटांचा अभ्यास केला होता, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांची विचारशक्ती स्ट्रोकनंतर शाबूत राहण्याचं प्रमाण ४०.५ टक्के होतं, एकच भाषा बोलणाऱ्यांचं १९.६ टक्के. वाचाघात मात्र दोघांत सारखाच. मला वाटतं बाबांच्या बाबतीत हे दोन्ही दिसतं, बोलणं गेलं आणि माणूस जागेवर राहिला.

शेवटचं सांगते. मोजणी येते म्हटल्यावर मी एकदा सहज विचारलं, बाबा, दादर टीटी? आणि ते बसचे थांबे म्हणत सुटलेच, "खोदादाद सर्कल, चित्रा, हिंदमाता, परळ, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी, राणीबाग, भायखळा," एका दमात, कंडक्टरच्या त्या आवाजात. पण मधलं एकच नाव सांगा म्हटलं तर नाही येत. सुरुवातीपासूनच यावं लागतं.

तर परवा संध्याकाळी भाची आली होती, पाच वर्षांची, बाबांना माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. पुठ्ठा दिला, भाचीच्या फोटोवर बोट ठेवलं. तिला काय? खाऊ? "नाय", अंगठा खाली. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू म्हणायला लागले, "खोदादाद सर्कल... चित्रा... हिंदमाता..." मला वाटलं प्रॅक्टिस करतायत. "...भारतमाता... लालबाग... चिंचपोकळी... राणीबाग." आणि तिथे थांबले, डाव्या हाताने टेबलावर एकदा टक् केलं. एक बेल. एक बेल म्हणजे बस थांबवा, दोन म्हणजे चला, हे आम्हा घरातल्यांना लहानपणापासून पाठ आहे. मग पुन्हा भाचीच्या फोटोवर बोट.

मी म्हटलं, "हिला राणीच्या बागेत न्यायचंय? पेंग्विन बघायला?"

बाबांनी अंगठा वर केला, आणि टेबलावर दोनदा वाजवलं. टक् टक्.

रविवारी जातोय, बसनेच.